थंडीत उतरलेला तबला

मित्रांनो, जरा दमाने घ्या. थंडीच्या दिवसांत मला पटकन बोलता येत नाही. आधी कुणीतरी हात चोळून ऊबदार तळवा माझ्या पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या कातड्यावर, ठेवावा लागतो. मग कुठे माझा कंठ मोकळा होतो. मी शिसवी खोडाचा एक म्हातारा तबला. हैदराबादेत, विद्यानगरातल्या एका घरात, दिवाणाखाली रजईच्या जुन्या खोळीत माझा मुक्काम असतो. शेजारी डग्गा असतो. त्याचा सूर कुणी फारसा विचारत नाही, म्हणून तो सुखी.

गौलीगुड्यातल्या एका दुकानातून एकनाथराव हरिदासांनी मला आणले, त्याला आता चाळीस वर्षे होतील. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि आवाज देवळाच्या घंटेसारखा होता. ते पेटीच्या काळी दोनमध्ये गात, काळी एकच्याही वर. पुरुषाच्या गळ्याला ही पट्टी चढीच. माझ्या वाद्या ताणून, गट्टे ठोकून मला त्या पट्टीला चढवत आणि मग आम्ही दोघे कीर्तनाला उभे राहत असू. म्हणजे ते उभे, मी चुंबळीवर बसलेला.

त्यांचे गजेंद्रमोक्षाचे आख्यान फार गाजले. मगरीने पाय धरलेला हत्ती शेवटी हरीला हाक मारतो. ती हाक बुवा वरच्या षड्जात लावत आणि तिथेच ठेवत. ऐकणारे श्वास घ्यायचे विसरत. हाक संपली की मी सम द्यायचो आणि बायका पदराने डोळे पुसायच्या. मित्रांनो, त्या समेसाठी मी किती घाव सोसले असतील, पण मला त्यांचे कधी दुःख झाले नाही. हरिनामापायी मार खाणे, याहून लाकडाला आणखी काय हवे?

पुढे आमचे तबलजी पोरांकडे परगावी गेले आणि मी सहा वर्षे दिवाणाखाली पडून राहिलो. पुडीला बुरशी आली. वाद्या सुकल्या. मला बाहेर काढले ते बुवांच्या लेकीने, वंदनाने. ती बँकेत नोकरी करते आणि लहानपणापासून तबला शिकलेली आहे. तिने मला चारमिनारजवळ तबले दुरुस्त करणाऱ्या महबूबमियाँकडे नेले. त्यांनी मला कानाशी धरून टिचकी मारली.

"पुडी नवी डाल देतूं," ते म्हणाले. "पन लकडी बुड्ढी हो गई, बेटी. इसकू काळी एक तक रखो. थंड में उप्पर खींचो नक्को, फट जाता."

हे तिने घरी सांगितले नाही. कारण खरे सांगायला हवे होते ते वेगळेच. रियाजाला बसले की बुवांचा आवाज काळी दोनमध्ये वर जाताना फाटू लागला होता. ते मला ऐकू येत होते, तिलाही येत होते. फक्त बुवा म्हणत, "आज घसा बसलाय जरा."

अशात धुंधुरमास आला. पहाटे उठून सूर्य उगवायच्या आत देवाला खिचडीचा नैवेद्य दाखवायचा महिना. इमारतीतल्या कौस्तुभने गच्चीवर कीर्तन ठरवले. तो पुण्याचा, आयटीत काम करणारा, उत्साही मुलगा.

"ताई, सगळ्या ग्रुपवर टाकलंय," तो सांगायला आला. "'बुवांची सुप्रसिद्ध गजेंद्राची हाक, चुकवू नका.' ऐंशी जण येतायत."

"ऐंशी जणांना खिचडी पुरेल का ते बघ," वंदना म्हणाली. "हाकेचं कशाला लिहिलंस?"

"अहो, लोक हाकेसाठीच येणार ना."

ऐंशी माणसांसमोर वडिलांचा आवाज फुटला, तर ते पुन्हा कीर्तनाला उभे राहणार नाहीत, हे तिला पक्के ठाऊक होते.

त्या पहाटे गच्चीवर दव पडले होते. शाली, कानटोप्या, तोंडातून वाफा. माझी पुडी ओलसर होऊन सूर उतरला. वंदनाने हातोडी घेतली, दोन-चार घाव घातले आणि ती थांबली. आणखी चार घातले असते, तर मी फाटलो असतो किंवा चढलोही असतो. कुणास ठाऊक.

"बाबा, तबला चढत नाही. थंडी फार आहे. काळी एकमध्ये गाऊ."

"काळी एक?" बुवांनी माझ्याकडे असे पाहिले की मी लाजलो. मग ते मंडळींकडे वळून हसले. "आज तबला आखडलाय. त्याच्या मर्जीनं गावं लागणार."

"हाक मात्र हवी हं, बुवा," पुढे बसलेल्या शैलाताई म्हणाल्या.

पेटीवर अंबरपेठेचे उमाजी होते. त्यांनी मुकाट्याने पट्टी बदलली आणि पूर्वरंग पार पडला. आळ माझ्यावर आला, पण बुवांचा गळा सुखात होता. मी मनात म्हटले, असू दे.

मध्यंतरात मंडळींना बुक्का लावणे चालू असताना ऊन आले. उन्हाने पुडी सुकते, मित्रांनो, आणि सूर आपोआप वर जातो. मी चढू लागलो. वंदनाने घाईने हातोडी उचलली आणि ती माझ्या गजऱ्यावर, पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर, खालून वर मारू लागली. वरून मारले की तबला चढतो, खालून मारले की उतरतो. एवढे कुठल्याही कीर्तनकाराला कळते. बुवा बुक्क्याची वाटी हातात घेऊन ते पाहत उभे होते.

"उतरवतेस?" ते हळूच म्हणाले.

तिने मान वर केली नाही. "हो, बाबा."

"चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय, देहाचा भरवसा नाही म्हणून. मलाच कुणी सांगेना होय?"

त्यांनी बोटावर बुक्का घेतला आणि माझ्या खोडाला लावला. मग मंडळींसमोर उभे राहिले.

"तबल्याचा दोष नाही, मंडळी. गळा माझा थकलाय. ती हाक आज येणार नाही. पण इतकी वर्षं मगरीशी झुंजून दमलेला हत्ती वरच्या षड्जात ओरडेल कसा, हेही मला आज सुचतंय. मी आजवर चुकीचंच गात होतो बहुतेक."

कौस्तुभने खाली पाहिले. आख्यान सुरू झाले. हाकेची जागा आली, तेव्हा बुवांनी हरीचे नाव मधल्या सप्तकात, जवळजवळ बोलल्यासारखे घेतले. दुसऱ्यांदा घेताना त्यांचा श्वास पुरला नाही. मधेच ते थांबले, आणि मी सम देऊ की नको अशा विचारात असताना शैलाताईंनी ते नाव उचलले. मग मागच्यांनी. काळी दोनमधली हाक इतकी उंच असे की लोक ती नुसती ऐकत. आज ती सगळ्यांच्या गळ्यात बसत होती. सारी गच्ची हाक मारू लागली. बुवा टाळ धरून ऐकत उभे होते, आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

मित्रांनो, आता मी दमलो आहे. मला खोळीत ठेवाल तेव्हा पुडीवर एक मऊ फडके घाला. आणि थंडीत कुणी म्हातारे गायला बसले, तर जुना सूर मागू नका. तुम्हीच जरा खाली उतरून त्यांच्या शेजारी बसा.