पडद्यावरचे हात

संगणक दुरुस्त करायला आलेल्या मेदेरनं लॅपटॉपच्या कडेची तार उपसली आणि टेबलावरचे दोन्ही मोठे पडदे एकदम काळे झाले. बुरुलनं चहाचा पेला उचलून खुर्ची मागे सरकवली.

"आता ही पेटी बाजूला," तो म्हणाला. सगळ्या तारा जिथं येऊन मिळत होत्या ती डॉकची काळी पेटी त्यानं खिडकीत ठेवली आणि एका पडद्याची तार सरळ लॅपटॉपमध्येच खोचली. पडदा उजळला. माऊस धरून त्यानं बाण आधी लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर फिरवला. तिथं तो पाण्यावरून गेल्यासारखा सरकला. मग तोच बाण त्यानं मोठ्या पडद्यावर नेला. तिथं तो ठेचकाळत, थांबत, मध्येच उडी मारत गेला.

"म्हणजे पेटी बिचारी निर्दोष आहे," मेदेर म्हणाला. "सकाळपासून उगाच तिला शिव्या घालतोय."

"तुझ्या शिव्या ऐकू येत होत्या."

"तुम्हाला येणारच. या खोलीत कान चांगले असलेल्याच बायका ठेवल्यात." तो वाकून तारांच्या जंजाळात शिरला आणि तिथूनच बोलत राहिला. तो तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. "बुरुल एजे, एक विचारू? परवा तुम्ही रजेवर होतात. तुमच्या जागी बसलेल्या बाईनं अर्ध्या तासात फोन करून माझं डोकं खाल्लं. तुम्ही महिनाभर याच पडद्यांवर काम करताय आणि एक शब्द नाही?"

"आधी वाटलं, डोळेच गेले. चष्मा बदलला."

"आणि मग?"

"मग कळलं, डोळे ठीक आहेत."

मेदेर टेबलाखालून वर आला. ती पुढं काही सांगेल म्हणून तो थांबला. बुरुलनं पेल्यातला चहा संपवला आणि रिकामा पेला खिडकीत पेटीशेजारी ठेवला. बाहेर बिश्केक शहरावर कोळशाचा धूर उतरला होता. डोंगर असतात ती बाजू नुसती राखाडी दिसत होती.

खोलीत चार टेबलं होती. देशभरातल्या बहिऱ्या माणसांना दवाखान्याशी, कचेरीशी किंवा घरच्यांशी फोनवर बोलायचं असलं की ती इथं व्हिडिओ लावत. बुरुल पडद्यावर त्यांचे हात वाचायची आणि डोक्यावर चढवलेल्या हेडसेटमधून ते फोनवर मोठ्यानं बोलायची. पलीकडून जे ऐकू येईल ते पुन्हा हातांनी पडद्याला सांगायची. नियम एकच होता. हात जे म्हणतील तेच तोंडानं म्हणायचं, कमी नाही, जास्त नाही. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. बुरुलचे आईवडील दोघंही बहिरे होते. ती घरात आधी हातांनी बोलू लागली, तोंडानं नंतर. चोवीस वर्षं हेच काम करताना तिला कुणाला 'पुन्हा सांगा' म्हणावं लागलं नव्हतं.

गेल्या महिनाभरात ते म्हणावं लागलं. पडद्यावरचा हात छातीशी दिसायचा आणि एकदम कपाळाशी दिसायचा. मधला प्रवास गायब. सगळा अर्थ त्या मधल्या प्रवासात असतो. बोटांनी अक्षरं जुळवत कुणी नाव सांगू लागलं तर त्यातली दोन अक्षरं गळायची. मग ती म्हणायची, चित्र अडकतंय, पुन्हा सांगा, सावकाश.

कोचकोर गावची ऊलकान दर गुरुवारी दुपारी व्हिडिओ लावायची. पन्नाशीची, कपडे शिवणारी बाई. बोटांना सुयांच्या खुणा. धाकटा भाऊ तालाय रशियात, येकातेरिनबुर्गला बांधकामावर. ऊलकान लहानपणापासून बहिऱ्यांच्या वसतिशाळेत, तालाय गावात. त्यामुळं त्याला हातांची भाषा आलीच नाही. जेव, ये, झोप अशा तीन-चार खुणा यायच्या. बाकी सगळं आई करायची. आईच दोघांच्या मध्ये बसायची, याचं तिला, तिचं याला. ऊलकानला लिहिणं जड जायचं, आणि लिहिलेलं वाचून गैरसमजच व्हायचे. गेल्या हिवाळ्यात आई वारली आणि तालाय आला नाही. पुढं बरेच महिने दोघांत काहीच नव्हतं. मग शरदात कुणीतरी ऊलकानला या खोलीचा पत्ता सांगितला.

पहिल्याच गुरुवारी ऊलकानचे हात वेगानं चालले होते. चेहरा घट्ट होता. पडदा अडकला, बुरुलला निम्मंसुद्धा दिसलं नाही, तिनं खरोखरच न कळून पुन्हा विचारलं. ऊलकान थांबली. तिनं एक श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा सांगितलं ते असं: "कोळसा आलाय. गाय बरी आहे. तू जेवतोस ना?" फोनवर तालाय हसला. "जेवतो, एजे. तू?"

त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच झालं. आणि त्याच्याही पुढच्या. पहिल्यांदा निघालेले शब्द पडद्यात कुठंतरी हरवायचे, दुसऱ्यांदा निघालेले गाईविषयी, छपराविषयी असायचे. भावाचा आवाज दर खेपेला थोडा सैल होत होता. पुढं पुढं बुरुल अर्धंअधिक दिसलं तरी पुन्हा विचारू लागली. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तक्रारही केली नाही.

"सापडलं," मेदेर म्हणाला.

काळ्या चौकटीत तो काहीतरी आज्ञा टाइप करत होता. आता त्यानं खुर्ची वळवली. "या मशीनमध्ये चित्र काढणाऱ्या दोन चिप आहेत. एक धाकटी, कमी वीज खाणारी. एक मोठी, ताकदीची. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा धाकटीकडे आहे, म्हणून तिथं सगळं सुरळीत. बाहेरच्या पडद्यांच्या तारा मात्र आतून मोठीला जोडल्यात. मागच्या अपडेटपासून बाहेरची चित्रंही धाकटीच काढतेय. काढते, उचलते, मोठीच्या दारात नेऊन ठेवते, मग मोठी ते बाहेर देते. दर सेकंदाला साठ वेळा हा हेलपाटा. अर्धी चित्रं वाटेतच पडतात."

"मग?"

"मधलं नेणं-आणणं बंद करायचं. मोठीनंच काढायचं, मोठीनंच द्यायचं."

"माझी नोकरीच नेणं-आणणं आहे," बुरुल म्हणाली. "जपून बोल."

मेदेर हसला. त्यानं एका फाईलमध्ये दोन ओळी लिहिल्या, मशीन बंद करून सुरू केलं, खिडकीतली पेटी परत जोडली. दोन्ही पडदे उजळले. त्यानं तिच्या कॅमेऱ्यासमोर स्वतःचा पंजा धरला आणि बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवली. मोठ्या पडद्यावर पाचही बोटं एकामागून एक वाकली, उघडली. नखाखालचं ग्रीससुद्धा दिसत होतं.

"दिसतंय?"

"दिसतंय," बुरुल म्हणाली.

"तुमचा चेहरा तर असा झालाय, जणू मी काहीतरी बिघडवलं."

तिनं उत्तर द्यायच्या आत पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण लुकलुकू लागली. गुरुवार होता. दुसऱ्याचं संभाषण ऐकायचं नसतं हे मेदेरला माहीत होतं. त्यानं पकड आणि पेचकस तिथंच टाकले, 'मी बाहेर आहे' अशी खूण केली आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या टेबलांवरच्या बायका जेवायला गेल्या होत्या.

बुरुलनं हिरव्या खुणेवर बाण नेला. तो विनाअडथळा पोचला.

ऊलकान समोर बसलेली होती, नेहमीपेक्षा जवळ आल्यासारखी. पाठीमागं शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेली गोधडी, शेजारी वाफाळता चहा. बुरुलनं तालायचा नंबर लावला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आला आणि मग त्याचा.

"एजे, कशी आहेस?"

बुरुलनं ते हातांनी सांगितलं. ऊलकाननं मान हलवली आणि तिचे हात उठले. या वेळी एकही हालचाल सुटली नाही. हात भराभर चालले होते, पण बुरुलला सगळं दिसलं, ओठांची दुमड, भुवईचं वर जाणं, एका शब्दाच्या शेवटी मनगटाला बसलेला झटका. हात थांबले. ऊलकान वाट पाहू लागली.

फोनमध्ये वारा वाहत होता. "एजे?" तालाय म्हणाला.

बुरुलनं हात उचलले. चित्र अडकलं, तिनं खूण केली. पुन्हा सांगशील?

ऊलकाननं तिच्याकडे पाहिलं. नेहमीसारखी ती खाली बघून श्वास घेईल, चहाचा पेला थोडा सरकवेल, असं बुरुलला वाटलं. ऊलकाननं पेल्याला हात लावला नाही. ती अंगानं थोडी पुढं झाली आणि तेच पुन्हा सांगितलं. एकेक खूण सुटी, सावकाश, लहान मुलाला शिकवावी तशी. शेवटची खूण तिनं क्षणभर तशीच हवेत धरून ठेवली.

बुरुलनं हेडसेट कानाशी घट्ट दाबला आणि बोलू लागली.

"आईचा देह यर्टच्या तंबूत ठेवला होता. दाराशी उभं राहून रडायला मुलगा लागतो. तिथं शेजाऱ्याचा मुलगा उभा राहिला. लोक विचारत होते, हिचा मुलगा कुठंय. मी त्यांना काय सांगणार? मला आवाज नाही. तू जिवंत आहेस, तालाय, पण माझ्या लेखी तू त्याच दिवशी गेलास."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला आणि वारा थांबला.

"हे तू इतके दिवस का नाही बोललीस?" तालाय म्हणाला. आवाज हळू होता, रागाचा नव्हता. "दर आठवड्याला मी वाट बघत होतो. तू गाईचंच सांगायचीस. मला वाटलं, तुला मी आलो काय, नाही आलो काय, सारखंच."

बुरुलनं सगळं हातांत घातलं. एकही शब्द तिनं सोडला नाही.

"मी परांचीवरून पडलो होतो," तालाय म्हणाला. "कंबरेचं हाड मोडलं. आई गेली तेव्हा मी इस्पितळात पाठीवर पडलेलो. कूससुद्धा बदलता येत नव्हती."

ऊलकानचे हात वर आले. "खोटं," बुरुल तिच्या वतीनं म्हणाली. "आई म्हणाली होती, तू कामावर आहेस. मालक सोडत नाही म्हणाली."

"आईला माहीत होतं. पडलो त्याच आठवड्यात मी तिला फोन केला. ती म्हणाली, ऊलकानला यातलं काही कळू द्यायचं नाही. कळलं तर ती शिवणाचं मशीन विकून तिकडं धावत येईल, आणि तिला तिथं कोण समजून घेणार? मी तिला काहीतरी सांगते, म्हणाली. आणि मग ती गेली. मी कुणाकडून सांगणार होतो? आपल्यामध्ये बोलणारी तीच होती."

बुरुल सांगत असताना ऊलकानचे डोळे तिच्या हातांवरून हलले नाहीत. मग ऊलकाननं अगदी लहान, छातीपाशीच एक खूण केली.

"चालता येतं?" बुरुल म्हणाली.

"काठी घेऊन. आता रखवालदारी करतो. बसूनच असतं."

"थंडीत दुखतं?"

"दुखतं."

ऊलकाननं मान हलवली. तिचे हात पुन्हा उठले, कपाळाशी गेले, आईची खूण झाली, मग ते स्वतःकडे वळले. आणि तिथंच थांबले.

"आईनं मला…" बुरुल म्हणाली, आणि तीही थांबली, कारण पुढं काही आलं नाही. हात हळूहळू मांडीवर उतरले.

दार थोडं उघडलं. मेदेर डोकावला, सगळं ठीक आहे ना हे बघायला. त्याची नजर मोठ्या पडद्यावर गेली. पडद्यावरची बाई जराही हलत नव्हती. त्याचा चेहरा उतरला. तो चवड्यांवर आत आला आणि तारांच्या दिशेनं वाकला. बुरुलनं न वळता तळहात आडवा धरला.

"अडकलं?" त्यानं नुसत्या ओठांनी विचारलं.

तिनं मान हलवली, नाही. मग त्यालाही दिसलं. ऊलकानशेजारच्या पेल्यातून वाफ वर चढत होती, खंड न पडता. मेदेर तारांपासून मागे सरला आणि आला तसा निघून गेला.

"ती काय म्हणतेय?" फोनवर तालायनं विचारलं.

"काही म्हणत नाहीये," बुरुल म्हणाली. "बसली आहे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बरं," तालाय म्हणाला. "तिला सांगा, मीपण बसलोय."

बुरुलनं सांगितलं.