आईची डावी किडनी

माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या, तेव्हा आईने कुणाला विचारलंच नाही. माझी डावी हिला, असं जाहीर करून ती मोकळी झाली. पण तपासणीत तिच्या लघवीत रक्त सापडलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडनीचा बारीकसा तुकडा काढून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. आईला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटला.

जन्मभर बसच्या सीटांची कव्हरं शिवलेली बाई ती. पोटाखाली उशी घेऊन पालथी पडली, तरी मान वळवून सुई बघितलीच. सुई कसली, दाभण आहे म्हणाली, आणि ती कशी धरायची ते डॉक्टरीणबाईंना शिकवू लागली. तिला गप्प ठेवायलाच मला आत घेतलं होतं.

कमरेवर गार जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब टेकवला, तशी पडद्यावर करडी किडनी दिसली. आईने श्वास घेतला की ती खाली सरके, सोडला की वर. आई बोलत राहिली तर नेम धरायचा कसा? डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं की श्वास घेऊन थांबायचं, खट् असा आवाज होईपर्यंत हलायचं नाही.

"तुझी किडनी कशी दिसतेय गं?" आईने मला विचारलं. अजून तिच्याच अंगात होती, पण तिने ती माझ्या नावावर करून टाकली होती.

"छान आहे. आता गप्प बस."

तिने श्वास रोखला. किडनी जागच्या जागी थांबली, सुईची पांढरी रेघ तिच्याकडे सरकली, खट् झालं. आईने माझी बोटं करकचून आवळली. श्वास सोडा म्हटलं तरी सोडेना, मी दटावलं तेव्हा सोडला.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. आईलाही माझाच आजार होता. तिच्यात तो मंद होता, माझ्यात जोरात, आणि माझ्यात आला होता तिच्याकडूनच. तिची किडनी कुणालाच देता येणार नव्हती.

आईने हुज्जत घातली नाही. बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

"द्यायला निघाले होते," ती म्हणाली, "आणि दिलं काय, तर हे."

मला रडू येत होतं, म्हणून मी चिडले. "तुला ठाऊक होतं का? मग?"

"आईला ठाऊक नको?"

आजवर तिच्याशी शेकडो वाद घातले, बहुतेक हरले. हा एकच जिंकायला हवा होता.