झाकणाखालचा आवाज

ताप आधी दिपमालाला आला, मग मला. ती नऊ वर्षांची, लगेच उठून भुलाबाईची गाणी म्हणायला लागली. मी उठले तेव्हा माझा डावा कान गेलेला होता. जळगावचे डॉक्टर म्हणाले, विषाणू आतल्या कानात शिरलाय, गोळ्या घ्या, पडद्यातून इंजेक्शनं घ्या, बहुधा परत येईल. त्या 'बहुधा'ने माझी झोपच उडाली. यंदा पहिल्यांदाच माझी लेक गाण्यांना पुढे होती, आणि मी मान वाकडी करून तिला एका कानाने ऐकत होते.

भुलाबाईची गाणी संपली, की घरची बाई खाऊचा बंद डबा हलवते आणि पोरींनी नुसत्या आवाजावरून आत काय ते ओळखायचं. त्या संध्याकाळी शेजारच्या मंजुळाअक्कांनी डबा थट्टेनेच माझ्या डाव्या कानाशी धरला.

"सांग बरं, काय शे यामा?"

"खोबऱ्याची वडी," मी म्हणाले.

वड्या इतक्या गच्च बसवल्या होत्या, की डबा मुळी वाजलाच नव्हता. मला मात्र वडीला वडी घासल्याचं स्वच्छ ऐकू आलं होतं. पोरींनी टाळ्या पिटल्या, मला रडूच आलं. कान आला! घरी येऊन मिक्सर लावला, मोबाइल डाव्या कानाशी धरला, तर ठार शांतता. मग तुरीच्या डाळीचा डबा धरला. आत किडा चालत होता. झाकण काढलं, की आवाज बंद.

नवऱ्याला सांगितलं, तर हितेंद्र म्हणाला, "कामिनी, औषधांनी होतं असं." असेलही. मला तर काहीच कळेनासं झालं होतं.

काल दिपमाला टिपऱ्या खेळून दमून आली. मी तिला मांडीवर ओढलं आणि माझा डावा कान तिच्या पाठीला टेकला. उजव्या कानाला ती हसत मैत्रिणींच्या गमती सांगत होती. डाव्या कानात, खूप आतून, तीच रडत होती.

"आई, मला बाहेर काढ ना."

"कधीपासून गं?" मी हळूच विचारलं.

"काय कधीपासून?" ती हसली.

"ताप आला तेव्हापासून," डाव्या कानात आलं.

आज शेवटचं इंजेक्शन आहे. त्यानंतर कान पूर्ण येईल, असं आता डॉक्टर खात्रीने सांगतात. मी जाणार नाही म्हटलं, तर हितेंद्र चिडून बाहेर निघून गेला. दिपमाला मात्र सकाळपासून गळ्यात पडून, लाडात येऊन माझ्या मागे लागली आहे, "घे ना गं आई ते इंजेक्शन. मी येते ना सोबत."