पाच नंबरच्या कीबोर्डचा संशय

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि माझा पहिला प्रश्न असा, की तुम्ही हात धुऊन आलात का? खोटं सांगू नका. वडापावचं तेल मला बोट टेकताक्षणी कळतं.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पोटावरच्या चिठ्ठीवर छापलेलं आहे. ती चिठ्ठी खरी असेल असं मला कधीच वाटलं नाही. मला पक्कं आठवतं ते १९९९ सालापासूनचं. विरार पश्चिमेला बोळिंजमध्ये एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात श्रीरंग सरांनी कॉम्प्युटर क्लास काढला. सहा मशिनं होती. मी पाच नंबरला.

श्रीरंग सर माझ्याहून संशयी. चपला बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, आणि घरून आणलेली फ्लॉपी तर उंबरठ्याच्या आत यायलाच नको. कोणाच्या खिशात फ्लॉपी दिसली की सर चोर पकडल्यासारखे विचारायचे, "कुठून आणलीस? व्हायरस तपासलास का?"

माझा संशय मात्र पडद्यावर होता. माझ्या अंगावर सगळी अक्षरं इंग्रजी. पण कोणी मराठी फॉन्ट निवडून टाइप करायला बसलं, की मी पाठवायचो d आणि पडद्यावर उमटायचा क. मी पाठवायचो k, तिथे दिसायचा काना. मधल्यामध्ये माझा माल कोणीतरी बदलतंय, याची मला खात्री होती. विचारणार कोणाला?

२००२ साली क्लासमध्ये आशालताबाई आल्या. वसईजवळच्या होळी गावातल्या एका शाळेत त्या अठरा वर्षं क्लार्क होत्या. शाळेने टाइपरायटर मोडीत काढायचं ठरवलं होतं. जूनच्या आत कॉम्प्युटरची परीक्षा पास झाल्या तर ऑफिसचं टेबल त्यांचं, नाहीतर त्यांना वह्या-खडूंच्या खोलीत बसवणार होते. पहिल्याच दिवशी त्यांनी हे सरांना सांगितलं आणि माझ्यासमोर बसल्या.

काय ती बोटं! टाइपरायटर बडवायची सवय. माझी एकेक कळ तळाला जाऊन आपटायची. ही बाई माझ्यावर कसला तरी राग काढते आहे, असं मी तेव्हाच मनात नोंदवलं. पण वेग असा, की शेजारची मुलं बघत राहायची. त्यांच्या मराठी टाइपरायटरवर अक्षरं जिथे होती तिथेच ती या मराठी फॉन्टमध्येही होती.

बाकी कशावरही बाईंचा विश्वास नव्हता. "सर, सेव्ह केलं म्हंजे कुटं ठेवलं? त्या कपाटाची चावी कोनाकडं?" फाइल पुसताना मशीन विचारायचं, नक्की पुसायची ना? सरांनी अर्थ सांगितल्यावर बाई भडकल्या. "म्हंजे मी काय खोटं बोलते?"

इंटरनेटच्या दिवशी तर कहर झाला. फोनची तार जोडून, बराच वेळ कुंईकुंई करून सरांनी केळ्यांच्या लागवडीवरचं एक पान उघडून दाखवलं. बाईंनी ते तळापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "सही नाय, शिक्का नाय, जावक नंबर नाय. हे कोनी लिवलं? खरं कशावरून?" सर हसले. मी नाही हसलो. मला बाई तेव्हा पहिल्यांदा थोड्या आवडल्या.

परीक्षेसाठी प्रत्येकाने एक पत्र आधी तयार करून आपल्या फ्लॉपीवर ठेवायचं होतं; तेवढ्यापुरती सरांनी कुरकुरत फ्लॉपी आत येऊ दिली. परीक्षेत ते उघडायचं, सांगितलेली दुरुस्ती करायची आणि छापून द्यायचं. मुलांनी इंग्रजीत पत्रं केली, बाईंनी शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी मराठीत अर्ज टाइप केला. त्यातलं प्रत्येक अक्षर माझ्यातून गेलं.

आदल्या दिवशी सरांना व्हायरसचा संशय आला. त्यांनी सहाही मशिनं पुसून सगळं नव्याने भरलं. घाईत काय राहून गेलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

परीक्षा घ्यायला मटिल्डा टीचर आल्या. करड्या शिस्तीच्या बाई. ओळखपत्रावरचे फोटोसुद्धा त्या दोनदा पाहत होत्या. आशालताबाईंनी फ्लॉपी घातली, फाइल उघडली आणि पडद्यावर आलं: ekuuh;

खालीही सगळं तसलंच. एकही मराठी अक्षर नाही.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "माजं पत्र कोनीतरी बदललंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी थेट सरांकडे पाहिलं. सरांनी फ्लॉपीकडे पाहिलं. "तुमच्या फ्लॉपीतच व्हायरस असणार. तरी मी ओरडत होतो!" मटिल्डा टीचर म्हणाल्या, "बाई, तुम्ही पत्र टाइप केलंच नव्हतं, असं तर नाही ना?"

आणि मी? पत्र बाईंनीच टाइप केलंय, हे मला ठाऊक होतं. मी हीच अक्षरं पाठवली होती. पण माझ्याही मनात आलं, की बाईच घाबरल्या असतील, मराठी फॉन्ट निवडायलाच विसरल्या असतील.

बाईंनी पडद्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. बोटं माझ्यावर ठेवली. यावेळी आपटली नाहीत. "e," त्या पुटपुटल्या, "हा म. k, काना. u, न. परत न. h, दीर्घ वेलांटी. अर्धविरामावर य." त्यांनी मान वर केली. "टीचर, हे 'माननीय' हाय. पत्र हितंच हाय. मी वाचते, तुमी लिवून घ्या."

आणि त्यांनी वाचलं. पडद्यावर एक अक्षर बघायचं, माझ्यावर तेच अक्षर शोधून बोट टेकवायचं, तोंडाने मराठी बोलायचं. टीचर कागदावर लिहून घेत होत्या. 'ik.;kph' आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "पान्याची."

टीचरचा पेन थांबला. "न की ण?"

"बोलन्यात न, टीचर. बोटात ण. अठरा वर्षं टायपिंग केलंय."

तेव्हा कुठे सरांची ट्यूब पेटली. "फॉन्ट! मराठी फॉन्ट भरायचाच राहिला!" ते सीडी शोधायला धावले. पाच मिनिटांत फॉन्ट भरला आणि पडद्यावर अख्खा अर्ज मराठीत उभा राहिला. टीचरनी कागद शेजारी धरून ओळ न् ओळ ताडून पाहिली. एकही शब्द चुकला नव्हता, आणि पडद्यावर 'पाण्याची' मधला ण ठसठशीत होता.

"दुरुस्ती करा आणि छापा," टीचर म्हणाल्या. "गेलेला वेळ वाढवून देते." सर कान खाजवत म्हणाले, "आशालताबाई, चूक माझी होती. उगाच तुमच्यावर ढकलली." बाईंनी मान हलवली आणि कामाला लागल्या. जूनमध्ये टेबल त्यांचंच राहिलं.

आज २००९ साल आहे. क्लासमध्ये नवे कीबोर्ड आले आणि मी माळ्यावरच्या खोक्यात गेलो. माझी e आता पूर्ण पुसली गेली आहे. धूळ आत शिरते, झुरळं ये-जा करतात, भंगारवाला दर महिन्याला वर बघून जातो. त्याच्यावर माझा कडक संशय आहे.

मित्रांनो, यंत्रांवर चहा सांडू नका आणि काम झालं की त्यांच्यावर कापड टाका, एवढं तर मी सांगेनच. पण पडद्यावर भलतंच काही दिसलं, तर लगेच शेजारच्याला चोर ठरवू नका. संशय घ्या, मीही घेतो, पण मग बोट ठेवून एकेक अक्षर तपासा.

मला एकाच गोष्टीची लाज वाटते. त्या दिवशी सगळ्या खोलीत बाईंनी ज्याच्यावर विश्वास ठेवला तो मी होतो. आणि मी, ज्याला खरं ठाऊक होतं, तोही त्यांच्यावरच संशय घेत होतो.