कडू पाण्याची दुपार

मी एक जुना पाटा आहे, मित्रांनो. काळ्या दगडाचा, मधोमध खोलगट झालेला. दुपार कलली की मला डुलकी लागते आणि गेलेले दिवस धूसर होऊन डोळ्यांपुढे तरंगू लागतात. सांगताना काही मागेपुढे झालं, तर दगडाला बोल लावू नका!

पाथरवटाने मला घडवलं, टाकी लावली आणि मी बडोद्याला रावपुऱ्यात कुसुमावतींच्या स्वयंपाकघरात आलो. "पाट्यावरच्या चटणीची सर कशालाच नाही," असं पाहुणे म्हणायचे, तेव्हा मी दगड असून फुलून जायचो. मग घरोघरी मिक्सर आले. आमच्याकडेही आला. काय तो आवाज, कानठळ्या बसतील! चटणी मात्र चुटकीसरशी. माझी रवानगी मोरीच्या कोपऱ्यात झाली. फार वाईट वाटलं हो.

माझं नशीब पुन्हा उघडलं ते सुनेत्रामुळे, कुसुमावतींच्या सुनेमुळे. तिचा नवरा श्रीकृष्ण बाजव्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून पादरा गावाच्या रस्त्याला कोंबड्या पाळू लागला होता. सुनेत्राने मला तिथे नेलं. ती माझ्यावर तुळस, लसूण, ओली हळद, शतावरी वाटायची आणि थोडं थोडं खाद्यात कालवायची. वरवंट्याच्या लयीत मी गुंगून जायचो. कोंबड्यांची पिसं चकाकू लागली, अंडी वाढली. मी पुन्हा कामाचा झालो!

एका वैशाखात शेजारच्या शेडमध्ये कोंबड्यांना मर लागली. श्रीकृष्णाचं धाबं दणाणलं. औषध जितकं कडू तितकं गुणकारी, असं त्याच्या मनाने घेतलेलं. त्याने सकाळीच माझ्यावर काडेचिराईत आणि कडुलिंबाचा पाला वाटला आणि पिण्याच्या सगळ्या भांड्यांत कालवला. साधं पाणी कुठे ठेवलंच नाही. मला कळत होतं, पण दगड ओरडणार कसा?

दुपारी कोंबड्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकू लागल्या. काही तर आडव्याच झाल्या.

"रोग आपल्याकडे आला," श्रीकृष्ण म्हणाला. "अजून कडू करतो."

सुनेत्राला रडू आवरेना. तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन कुसुमावती आल्या. त्यांनी भांड्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"अरे देवा, हे तर कडवं झेर, नुसतं विष! तू तरी पिशील का? तहानेने मरतायत त्या!"

"आई, औषध आहे ते."

"असू दे औषध. पोटात तर जायला हवं ना! सुनेत्रा, ओतून दे हे सगळं. गूळ आण."

बडोद्याच्या घरात गुळाला काय तोटा? आमटीत गूळ पडला नाही, तर इथे घास घशाखाली उतरत नाही. सुनेत्राने माझ्यावर खडा फोडला आणि गार पाण्यात विरघळवला. एक तांबडी कोंबडी लटपटत आली. चोच बुडवली, मान वर केली, पुन्हा बुडवली. मग सगळ्यांची झुंबड उडाली. काही मात्र उठल्या नाहीत. श्रीकृष्ण त्यांच्यापाशी बसून लहान मुलासारखा रडला.

आता औषधी अर्काच्या बाटल्या आल्या आहेत. मी शेवग्याच्या सावलीत पडून असतो. मित्रांनो, मुक्या जिवाला औषध जरूर द्या, पण आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघा आणि तो पितो की नाही, तिथे थांबून पाहा. त्याला 'नको' म्हणता येत नाही.

एक म्हातारी कोंबडी, जी आता अंडी देत नाही, माझ्या गार खळग्यात येऊन झोपते. तुम्हाला मला घरी न्यावंसं वाटलं, तर जरूर न्या. पण तिची झोप होऊ द्या.