कावळा शिवेना

ज्यानं कुणी जिवंत माणसाचा दहावा घालायची रीत पाडली, त्यानं माणूस कधी पाहिलाच नसावा. त्यानं फक्त जात पाहिली. सुरा न चालवता माणूस संपवायचा, वर त्याच्या नावानं खरं खरं रडायचं, आणि मग हातपाय धुऊन घरी जाऊन जेवायचं, इतकं निर्लज्ज काम करून तो कुठेतरी सुखानं म्हातारा झाला असेल.

बाटलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, सुतक धरतात, नदीवर पिंड ठेवतात, हे आसेगावच्या मारोतरावानं लहानपणापासून ऐकलं होतं. तरी १९१२ सालच्या त्या चैत्रात वाशीमच्या मिशनमधून तो गावाकडे निघाला, तेव्हा त्याच्या मनात भीती नव्हती. घाई होती.

त्याच्या उभ्या आयुष्यात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. कोणतं शेत कसायचं, कुठली मुलगी करायची, कोणत्या देवाला नवस बोलायचा, सारं त्याला सांगण्यात आलं होतं. मंगरूळपीरच्या बाजारात कडुनिंबाखाली मिशनचा उपदेशक फुलचंद येशूची गोष्ट सांगत होता, आणि त्या गोष्टीतला येशू जाळी धुणाऱ्या कोळ्यांवर हुकूम सोडत नव्हता. माझ्यामागं येता का, एवढंच विचारल्यासारखं बोलत होता. ते आमंत्रण दारात ताटकळणाऱ्या पाहुण्यासारखं महिनाभर मारोतरावाच्या मनात उभं राहिलं, आणि एका सकाळी तो घरात कुणाला न सांगता वाशीमला गेला आणि हो म्हणाला. पंधरवडाभर तो तिथंच राहिला, तोवर बाजारकऱ्यांच्या तोंडून ही बातमी गावात पोचली. आतला जुना माणूस मेल्याशिवाय नवा उभा राहत नाही, असं फुलचंदनं त्याला बजावलं होतं. ते त्याला पटलंही होतं, चांगलं बोलणं पटतं तसं. आता बाप्तिस्मा घेण्याआधी एकच काम उरलं होतं. बायकोला, चतुराबाईला, तू येतेस का असं विचारायचं होतं. सांगायचं नव्हतं, विचारायचं होतं.

गावाच्या अलीकडे नदीकाठच्या वाळूत त्याला आपली माणसं दिसली. थोरला भाऊ उकंडराव मुंडण करून उघडा बसला होता. चुलता पुंजाजी बाभळीला टेकला होता. चतुराबाईचं कपाळ मोकळं होतं आणि हातांत एकही बांगडी नव्हती. वाळूवर पत्रावळीत भाताचा पिंड, त्यावर दही, शेजारी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि चिमूटभर तंबाखू मांडली होती. सगळं त्याच्या आवडीचं.

मारोतराव संतापानं पेटला. वाटभर त्यानं उत्तरं घोकली होती. शिव्यांना, शापांना, दगडांनासुद्धा. तो पत्रावळीसमोर जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला की मी मेलो नाही. कुणी शिवी दिली नाही. कुणी तोंड फिरवलं नाही. तोंड फिरवायलाही माणसाकडे आधी एकदा पाहावं लागतं, आणि उकंडरावाची नजर त्याच्या छातीवर असूनही ती थेट मागच्या बाभळीवरच्या कावळ्यांवर पोचत होती, मध्ये कुठे अडत नव्हती. त्यानं चतुराबाईच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा वारा सुटल्यावर सावरावा तसा तिनं पदर सावरला.

कावळे खाली येईनात. उकंडरावानं पिंडापुढे हात जोडून शब्द दिला की तुझ्या शेताला मी हात लावणार नाही. कावळे हलले नाहीत. तुझ्या कस्तुराचं लग्न माझ्या पोरीआधी करीन, असंही तो म्हणाला. एक कावळा फांदी बदलून बसला, इतकंच.

"अडून बसला," पुंजाजी म्हणाला. "लहानपनी बी असाच करे. पंगत उठली तरी हा आपला रुसून गुरांच्या कोठ्यात."

कुणीतरी गवताचा कावळा करून पिंडाला लावायचं सुचवलं. पुंजाजीनं मान हलवली. गवतानं ह्याचं समाधान होणार नाही, म्हणाला. ऊन चढत होतं. कावळा शिवल्याशिवाय कुणी पाणीही पिणार नव्हतं. मारोतरावाची छोटी पोर कस्तुरा भाकरीकडे पाहत आईला बिलगली होती, आणि मागून मागून थकल्यामुळे आता मागतही नव्हती.

मारोतरावाला तेव्हा प्रथम कळलं की हे सारे त्याच्यासाठी थांबले आहेत. तो हट्ट धरून राहील तोवर ती पोर उपाशी राहणार होती, आणि हट्ट सोडणं म्हणजे ह्या पत्रावळीवर आपण होऊन सही करणं होतं. त्यानं पुन्हा पुन्हा ओरडून पाहिलं. आवाज त्याच्या स्वतःच्या कानांना नीट ऐकू येत होता.

मग चतुराबाई उठली. पिंडाकडे पाहत हळू आवाजात बोलली.

"तुमाले काय पायजे ते सांगा. मले संगं न्याचं असन तं मी येतो. पन पोरीले खाऊ द्या."

हाच होकार घ्यायला तो वाशीमहून चालत आला होता. न विचारता मिळालेला तो होकार त्याच्यापुढे वाळूत पडला होता, आणि तो उचलला तर ती कुठे येणार आहे, हे त्याला सांगता आलं नसतं. तो तिच्या कानाशी वाकला आणि पुटपुटला, "नको. तू राहा."

पंखांचा आवाज झाला. कावळ्यानं पिंडात चोच घातली.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. चतुराबाईनं घरून आणलेल्या भाकरीचा तुकडा पोरीच्या हातात दिला, आणि माणसं पाण्याकडे वळली. मारोतराव तिथंच उभा राहिला. वाशीमची वाट कोणत्या बाजूला आहे, हे त्याला पटकन आठवेना.

थोड्या अंतरावर दगडावर वस्तरा घासत गावचा न्हावी बसला होता. मारोतरावाचं जावळ त्यानंच काढलं होतं. त्यानं मान वर केली, थेट मारोतरावाच्या डोळ्यांत पाहिलं, आणि आपल्यापुढची वाळू हातानं सारखी केली.

"बसा," तो आदबीनं म्हणाला, "तुमचं बी डोकं करून देतो. तुमी मयताचे कोन लागता?"