हेल्वीची जागा

“पण माणसं गेली कुठं?” ऊल्लाने विचारले.

प्रश्न रास्त होता. ऊल्ला या जुन्या कापडगिरणीतल्या संग्रहालयाची प्रमुख. चाचणीसाठी गावातली पंधरा-वीस माणसे तिनेच बोलावली होती आणि ती सगळी समोर धडधडीत उभी होती. नव्हती ती फक्त भिंतीवर. भिंतीवर त्यांच्या आकृत्या उमटायला हव्या होत्या, प्रकाशाच्या धाग्यांनी विणलेल्या. सुरुवातीला उमटल्याही. मग एकेक करून विरत गेल्या, आणि आता ती लांबलचक भिंत नुसती काळी ठिक्कर.

सिर्पाने वेइक्कोकडे पाहिले. वेइक्कोने छताकडे पाहिले.

सिर्पा कल्पना काढणार आणि वेइक्को त्या यंत्राकडून वठवून घेणार, असा दोघांचा वीस-बावीस वर्षांचा धंदा. संग्रहालये, वाचनालये, एकदा तर विमानतळसुद्धा. माणूस समोर आला की काहीतरी हलेल, उजळेल असे करून द्यायचे. या भिंतीचे गणितही साधे होते. वरचा कॅमेरा जे हलते त्याला माणूस समजतो. जे काही मिनिटे हलत नाही, ते खांब, कुंडी, असेच काहीतरी असणार असे धरून चित्रातून काढून टाकतो. महिनाभर दोघांनी आपल्या स्टुडिओत हात उडवून आणि गिरक्या घेऊन चाचण्या केल्या होत्या. एक गोष्ट मात्र दोघांच्याही डोक्यात आली नाही, आणि दोघेही जन्मापासून फिनलंडातल्या या ताम्पेरे शहराचेच. इथला माणूस नव्या वस्तूसमोर हात खिशात घालून, शेजाऱ्यापासून दोन हात अंतर राखून उभा राहतो आणि दुसरे कोणीतरी पुढे होईल म्हणून वाट बघतो. सगळ्यांनी तेच केले. यंत्राने सगळ्यांना सामानसुमान समजून काढून टाकले.

“छान आहे,” एक म्हातारे गृहस्थ काळ्या भिंतीकडे बघत म्हणाले. “शांत वाटतं.”

वेइक्कोने यंत्र बंद केले. लोक गेल्यावर ऊल्लाने सिर्पाला बाजूला घेतले. “परवा उद्घाटन आहे. महापौर येणार, आणि तो तर जन्मजात खांब आहे. नीट करा बाई काहीतरी. नाहीतर मी पडदा ओढून ठेवीन, सांगून ठेवते.”

“एक आकडा बदलायचाय फक्त,” वेइक्को म्हणाला. “कुणीच गायब होणार नाही. मग खांबही दिसतील, कुंड्याही दिसतील. माणूस कुठला नि कुंडी कुठली ते ज्यानं त्यानं ओळखायचं.” मग त्याने विचारले, “सिर्पा, तुला नक्की दाखवायचं काय होतं?”

हे सिर्पाला कोणीतरी सांगितले असते तर हवेच होते.

अनुदानाच्या अर्जात तिने ‘स्मृतींचे विणकाम’ असे काहीतरी लिहिले होते. लिहिताना ते फार खोल वाटले होते. आता तो कागद दिसला की ती पालथा घालून ठेवी. वर्तमानपत्राच्या मुलीने प्रेरणा कुठून मिळाली असे विचारले, तेव्हा सिर्पा बेधडक म्हणाली होती, “आईकडून. ती याच गिरणीत, याच मजल्यावर मागावर कामाला होती.” आई इथे होती हे खरे. बाकी सगळी थाप. आईने, हेल्वीने, घरी गिरणीबद्दल कधी अवाक्षर काढले नव्हते. कल्पना सुचली होती तळ्याकाठच्या उन्हाळी घरात, दाराच्या डासांच्या जाळीवर वेइक्कोची सावली पडली तेव्हा. वेइक्को तेव्हा आतल्या चड्डीवर होता. हे काही पेपरात सांगण्यासारखे नव्हते.

त्या बातमीचा व्हायचा तो परिणाम झालाच. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्धनिवासातून फोन आला.

“पेपरात आलंय, मी तुला प्रेरणा दिली,” हेल्वी म्हणाली. “मला तर काही दिल्याचं आठवत नाही. इथल्या बायका सारख्या विचारतायत. बघू दे तरी एकदा, काय दिलंय ते.”

वीस वर्षांत आईने सिर्पाचे एकही काम पाहिले नव्हते. आमंत्रणे धाडली की गुडघे दुखत, नाहीतर बस लांबची असे. पुढे सिर्पाने आमंत्रणे धाडणे सोडून दिले आणि मला त्याचे काही नाही असे स्वतःला बजावून ठेवले. ते खोटे होते. आता हेल्वी शहाऐंशीची होती, चाकाच्या खुर्चीत होती, हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात जाऊन आली होती. ही भिंत पाहिली नाही तर पुढची भिंत ती पाहणार नव्हती. आणि ही भिंत तर धड उभ्या माणसालाही ओळखत नव्हती.

“थांब ना उद्यापर्यंत,” सिर्पा म्हणाली. “थोडं काम राहिलंय.”

“मला निवासाची गाडी आजची मिळालीय,” हेल्वी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ती दुपारी आली, चर्चला जायचा निळा कोट घालून. सिर्पाने खुर्ची ढकलत दालनात आणली. हेल्वी आधी भिंतीकडे पाहीचना. जमीन पाहिली, खिडक्या पाहिल्या, रंग काढून चकचकीत केलेले लोखंडी खांब पाहिले.

“एवढं शांत का केलंय?” तिने विचारले. मागांच्या खडखडाटात तिचा डावा कान कधीच गेला होता, त्यामुळे ती जरा ओरडूनच बोले.

“संग्रहालय आहे आता, आई.”

“ते दिसतंय. पण शांत का?”

वेइक्कोने दिवे मंद केले. भिंतीवर धागे सळसळले, एकत्र आले आणि खुर्चीत बसलेली एक बाई तयार झाली. टोपी, खांदे, मांडीवरची पर्स. हेल्वीने मान तिरकी केली, तिनेही केली. शाळेतली चित्रवही पुढे करून उभी असलेली मुलगी पुन्हा सिर्पाच्या अंगात आली होती.

“हे काही विणकाम नव्हे,” हेल्वी म्हणाली.

“नाही.”

“तळ्यावरच्या घराला ती डासांची जाळी आहे ना, तसं दिसतंय.”

वेइक्कोला एकदम खोकला आला. सिर्पा लाल झाली आणि मग तिने सांगूनच टाकले: जाळी, सावली, चड्डी, सगळे. हेल्वी हसली. तिला हसताना पाहून किती दिवस झाले होते!

“मग पेपरात तसंच सांगायचं की! मला कशाला मधे घातलंस?”

“बरं दिसतं म्हणून.”

“हं,” हेल्वी म्हणाली आणि पर्सवर हात ठेवून बघत बसली.

ती खरोखरच बघत बसली. पापणीसुद्धा लवत नव्हती. आणि सिर्पाला ज्याची धास्ती होती तेच सुरू झाले. आधी पर्स गेली, मग गुडघे.

“आई, हात हलव जरा.”

“का?”

“म्हणजे दिसशील.”

“मला काय करायचंय दिसून? मी बघतेय ना.”

“आई, प्लीज. तू पुसली जातेयस!”

हेल्वीने हात हलवला नाही. आयुष्यात कोणी सांगितले म्हणून तिने उगाच काही केले नव्हते, आणि आता ती सवय लावून घ्यायचे वय नव्हते. खांदे गेले. टोपी गेली. भिंत काळी झाली.

“संपलं?” हेल्वीने विचारले.

सिर्पा रडायच्या बेतात होती. वीस वर्षांनी आई आली आणि आपल्या यंत्राने तिला कुंडी समजून काढून टाकले! वेइक्कोच पुढे झाला. “हेल्वी, चला, कॉफी तयार आहे. वेलदोड्याचे पावही आणलेत तुमच्यासाठी.” आणि त्याने खुर्ची खिडकीजवळच्या टेबलाकडे नेली.

सिर्पा तिथेच भिंतीच्या कडेला, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर राहिली. तिने मान वर केली तेव्हा भिंतीवर कोणीतरी बसले होते.

तीच टोपी, तेच खांदे, मांडीवर पर्स. समोर तर कोणीच नव्हते. सिर्पाने मागे वळून पाहिले. आई टेबलाशी होती, हातात पाव होता.

“वेइक्को!”

वेइक्कोने येऊन पाहिले आणि हनुवटी खाजवली. “अगं, यंत्रानं यांना भिंतीतच जमा केलं होतं,” तो हळूच म्हणाला. “आता त्या उठून गेल्या, तर त्याला वाटतंय की भिंतीतलं काहीतरी हललं. रिकामी झाली ना जागा, तिलाच ते माणूस समजतंय. होईल थोड्या वेळात गायब.” मग म्हणाला, “हीसुद्धा चूकच आहे तशी. काढू?”

“थांब,” सिर्पा म्हणाली. हा दोष होता की हेच तिला इतके महिने हवे होते, काही उमगेना.

हेल्वीने खुर्ची स्वतःच वळवली होती. तिने पाव धरलेला हात वर केला. भिंतीवरच्या बाईने केला नाही.

“मी गेले तरी ती बसलीय,” हेल्वी म्हणाली.

“हो, आई.”

हेल्वीने पाहून घेतले. खिडकी कुठे, खांब कुठला, त्यापासून ती बाई किती लांब. “तिथंच होते माझे माग,” ती म्हणाली. “सकाळी उभं राहायचं ते भोंगा होईपर्यंत. पोटात तू होतीस तेव्हाही. बसायला स्टूल म्हणून कधी दिलं नाही कुणी.” आणि मग, जरा ओरडूनच, तिच्या नेहमीच्या आवाजात, “छान बसलीय गं.”

सिर्पाने डोळे पुसले. लपवायचे तिला सुचले नाही.

“ऊल्लाला काय कळवू?” वेइक्कोने विचारले. “आकडा बदलू की नको?”

“नको. तिला सांग, भिंतीसमोर एक बाक लागेल. पाठ टेकता येईल असा.”

भिंतीवरची बाई पायांकडून विरू लागली होती. सिर्पा आईजवळ जाऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलणार इतक्यात हेल्वीने बोट ओठांवर ठेवून तिला गप्प केले. अर्धा पाव बशीत ठेवला, हातावरचा चुरा झटकला, टोपी सरळ केली. शेवटी एका खांद्याची रेघ तेवढी उरली होती. ती जाईपर्यंत हेल्वीने कॉफीला हात लावला नाही.